‘कोर्टात चालेल’ असं ट्रान्सक्रिप्ट: पाचपैकी दोन तारे, त्यातले दीड सर्टिफिकेटाचे

पाटीवर असं लिहिलंय: ‘सर्व भाषांतील ऑडिओ-व्हिडिओचे ट्रान्सक्रिप्ट, भाषांतर, कलम ६३ चे सर्टिफिकेट. हस्ताक्षर, आवाज व भाषा तज्ज्ञ. कोर्टात चालेल.’ शेवटचे दोन शब्द लाल रंगात आणि बाकीच्यापेक्षा मोठे. (कलम ६३ चं सर्टिफिकेट म्हणजे फोनमधल्या रेकॉर्डिंगसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना जोडायचा दाखला.) कोर्टापासून चालत पाच मिनिटं, पहिला मजला, लिफ्ट बंद. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्यासोबत मी गेले होते त्यांचा दावा अजून चालू आहे. शिवाय अशा पाटीचं ते काही एकटंच दुकान नसणार, त्यामुळे लिहिते ते इतरांनाही उपयोगी पडेल.

आधी माझ्याविषयी एवढंच सांगते की मी जिल्हा न्यायालयात २९ वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश साहेब सांगणार, मी उतरवणार. त्यामुळे ‘बोललेलं कागदावर आणून देतो’ म्हणणाऱ्या कुणाकडेही मी जरा संशयानंच बघते. यात काहींना माझा आकस दिसेल, तर दिसू दे.

प्रकरण शेजारच्या अण्णांचं. सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर, अक्कलकोट रोडला सहा मागांचा कारखाना, टॉवेल काढतात. त्यांनी एका ओळखीच्या सूतवाल्याला ३ लाख ८० हजार हातउसने दिले. कागद केला नाही, ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून. नंतर तो आपला माणूस फोन उचलेना. एकदा मात्र त्याचाच फोन आला, आणि अण्णांच्या मुलानं मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होईल असं करून ठेवलेलं होतं. ११ मिनिटं ४० सेकंदांचं बोलणं. अण्णा तेव्हा कारखान्यात उभे होते आणि सहाही माग चालू होते. सोलापुरात ज्यानं यंत्रमागाशेजारी उभं राहून फोनवर बोलून बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको.

बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, मधेच हिशेबाचे आकडे हिंदीत. सोलापुरात हे नेहमीचंच आहे. वकीलसाहेब म्हणाले, ट्रान्सक्रिप्ट करून आणा, मराठी भाषांतरासकट. अण्णा मला म्हणाले, “ताई, तुम्ही कोर्टातल्या, चला की.” गेले.

दुकानात एसी आहे, मे महिन्यात त्याला मी अर्धा तारा देते. काउंटरवरच्या मुलीनं दर सांगितले: ट्रान्सक्रिप्ट मिनिटाला १५० रुपये, भाषांतर पानाला २५०, सर्टिफिकेट १,५००. ११ मिनिटं ४० सेकंदांची १२ मिनिटं धरली. तीन दिवसांत मिळेल म्हणाली आणि खरोखर तीन दिवसांत मिळालं. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिक, प्रत्येक पानावर शिक्का. दिसायला एवढं देखणं की अण्णांनी दोन्ही हातांनी घेतलं.

घरी येऊन वाचलं आणि अण्णांचा चेहरा उतरला. सातव्या मिनिटाला सूतवाला म्हणतो, असं लिहिलेलं: ‘पैसे दिले, आता काय राहिलं?’

इथं दोन शब्द सांगावे लागतील. सोलापूरच्या तेलुगूत ‘पैसे देतो’ म्हणायला ‘पैसलिस्त’ म्हणतात आणि ‘पैसे दिले’ म्हणायला ‘पैसलिच्चिन’. सुरुवात अगदी एक. पुढं जिभेचा एवढासा फरक, आणि त्याच क्षणी मागाचा धोटा खाडकन आपटतो. ‘देतो’ म्हणाला असेल तर ती उसनवारीची कबुली आहे. ‘दिले’ म्हणाला असेल तर फेड झाल्याचा बचाव. अख्खा दावा या एका क्रियापदावर उभा, आणि दुकानानं ते क्रियापद छातीठोकपणे लिहून टाकलेलं. कंस नाही, ‘अस्पष्ट’ नाही, साधं प्रश्नचिन्हसुद्धा नाही. नऊ पानांत ‘ऐकू येत नाही’ हे शब्द एकदाही आले नव्हते. सहा माग चालू असताना! माझ्या नोकरीत बंद खोलीत पाच फुटांवर बसलेला साक्षीदारसुद्धा मला कधी एवढा स्वच्छ ऐकू आला नाही.

अण्णा म्हणाले, तो ‘इस्त’च, म्हणजे ‘देतो’च म्हणाला, फोनवर मीच होतो. पण अण्णा वादी आहेत. वादीच्या कानांवर कोर्ट कसं विसंबेल?

म्हणून मी घरीच एक उद्योग केला. मला तेलुगू समजतं, गल्लीत वाढल्यामुळे, पण ती माझी घरची भाषा नाही. मी कागद आधी वाचला होता, मग ऐकलं, तर मला स्पष्ट ‘इच्चिन’ ऐकू आलं. शपथेवर सांगितलं असतं. मग कागद लपवला आणि प्रकरण न सांगता गल्लीतल्या पाच तेलुगू घरांतल्या पाच जणांना एकेकटं बसवून तेवढा तुकडा ऐकवला, कानाला हेडफोन लावून. तिघांनी ‘इस्त’ सांगितलं, एकानं ‘इच्चिन’, आणि एक अक्का म्हणाल्या, “मला नुसते मागच ऐकू यायलेत.” नंतर त्याच पाच जणांना टाइप केलेला कागद दाखवून पुन्हा ऐकवलं. आता चौघांना ‘इच्चिन’. मागवाल्या अक्कांनाही! त्या तर माझ्यावर चिडल्याच, आधी नीट का ऐकवलं नाही म्हणून.

हे काही माझं संशोधन नव्हे. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड बेन नावाच्या तरुणाचा खटला गाजला होता. १९९४ साली डुनेडिन शहरात त्याच्या कुटुंबातले पाच जण मारले गेले आणि त्यानंच मदतीसाठी फोन केला. १९९५ ला त्याला शिक्षा झाली, २००७ ला लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिल या अपील कोर्टानं ती रद्द केली. फेरखटल्याच्या तयारीत त्या जुन्या फोनची टेप ऐकताना एका पोलिस अधिकाऱ्याला श्वासांच्या मध्ये ‘मी त्याला गोळी घातली’ अशा अर्थाचे शब्द ऐकू आले. त्याआधी ते कुणालाच ऐकू आले नव्हते. तज्ज्ञांत दुमत झालं, कुणाला ते शब्द वाटले तर कुणाला नुसता उच्छ्वास. न्यूझीलंडच्या सुप्रीम कोर्टानं तेवढा तुकडा ज्यूरीला ऐकवायला मनाई केली आणि २००९ च्या फेरखटल्यात बेन सुटला. हेलन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन ध्वनिशास्त्रज्ञ बाईंनी नंतर हाच फोन साध्या लोकांना ऐकवून पाहिला. न सांगता ऐकवला तर ते शब्द आपणहून निघत नव्हते, सुचवल्यावर मात्र अनेकांना ऐकू येऊ लागले. त्यांचं म्हणणं असं की अस्पष्ट रेकॉर्डिंगसोबत कागद हातात दिला की ऐकणाऱ्याचे कान त्या कागदाचे होतात, आणि एकदा झाले की परत मोकळे करणं अवघड. आमच्या गल्लीतल्या अक्कांचं अगदी हेच झालं होतं.

तर हा कागद घेऊन आम्ही परत दुकानात गेलो. आणि इथं, वाचकहो, माझे उरलेले तारे गेले.

मालक सज्जन माणूस, चहा मागवला. मी विचारलं, हे ऐकून कुणी लिहिलं? म्हणाले, आमचा माणूस आहे. तेलुगू येतं त्याला? म्हणाले, त्याला नाही, पण तो एका ओळखीच्याकडे फाइल पाठवतो. तो ओळखीचा कुठला? हैदराबादचा. त्याला सोलापूरची तेलुगू कळते का, आपल्याकडे चार पिढ्यांत तिच्यात मराठी किती मुरलीय हे त्याला माहीत आहे का, यावर मालक हसले. मग म्हणाले ते वाक्य मी जसंच्या तसं देते: “मॅडम, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, तसं दुरुस्त करून देतो. एक्स्ट्रा चार्ज नाही.”

अण्णा आनंदले. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

अहो, जे सांगितल्यावर बदलतं त्याची किंमत काय? आज आमच्या सांगण्यावरून ‘देतो’ होईल, उद्या सूतवाला याच जिन्यानं वर येईल आणि त्याच पैशांत ‘दिले’ घेऊन जाईल. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे झेरॉक्स नव्हे. कुणीतरी ऐकून, ठरवून लिहिलेलं मत असतं ते, आणि मत असेल तर ते कसं बनवलं हे सांगता आलं पाहिजे: किती वेळा ऐकलं, कशावर ऐकलं, दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे ताडून पाहिलं का, जिथं शंका होती तिथं काय केलं. मालकांकडे यातल्या एकाही गोष्टीची नोंद नव्हती. शिक्का मात्र होता.

माझंही पाप इथं कबूल करते. २९ वर्षांत मीसुद्धा लोकांची बोली इस्त्री करूनच कागदावर ठेवली. विडी कामगार बाई तेलुगूत बोलायची, दुभाषी मराठीत सांगायचा, साहेब त्याचं वाक्य करायचे आणि माझ्या कागदावर उतरायचं, ‘सदर इसमाने माझ्याशी वाद घातला.’ सदर! पूर्व भागातल्या कुठल्या बाईच्या तोंडून कधी ‘सदर’ निघालंय? पोलिस जबाबांत तर ‘समक्ष हजर राहून जबाब देतो की’ पासून ‘त्यानंतर मी सदर ठिकाणी’ पर्यंत एकच माणूस शहरभर बोलतोय असं वाटायचं.

इंग्लंडात या गोष्टीचा सगळ्यांत दुःखद दाखला आहे. डेरेक बेंटली, १९ वर्षांचा, वाचता-लिहिता धड न येणारा मुलगा. त्याच्या साथीदारानं पोलिसाला गोळी घातली, आणि २८ जानेवारी १९५३ ला फाशी मात्र बेंटलीला झाली, कारण गोळी झाडणारा १६ वर्षांचा होता. पोलिसांचं म्हणणं होतं की बेंटलीचा जबाब त्याच्याच शब्दांत, प्रश्न न विचारता घेतलेला आहे. पुढं माल्कम कुल्टहार्ड या भाषावैज्ञानिकानं ५८२ शब्दांचा तो जबाब मोजला. त्यात ‘देन’, म्हणजे आपलं ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’, दहा वेळा. सर्वसाधारण साक्षीदारांच्या जबाबांत हा शब्द क्वचित येतो, पोलिसांच्या लिखाणात मात्र सतत. त्यातही ‘देन आय’ न म्हणता ‘आय देन’ अशी उलटी जोडणी, जी साध्या बोलण्यात जवळजवळ सापडतच नाही, पण पोलिसी इंग्रजीत ठासून भरलेली. १९९८ ला अपील कोर्टानं शिक्षा रद्द केली. मुख्य कारण मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेला एकतर्फी उपदेश हे होतं, ‘देन’ची मोजणी नव्हे. लोक सांगताना हे गाळतात आणि भाषाशास्त्रानं निर्दोष ठरवलं म्हणतात. तसं नाही. पण मोजणी मला पटते, कारण ती कुणालाही पुन्हा करून बघता येते. जबाब समोर आहे, तुलनेचे जबाब समोर आहेत, मोजा.

आता त्या दुकानाची तिसरी सेवा, ‘भाषा तज्ज्ञ’. अण्णांना मधल्या काळात एका अनोळखी नंबरवरून धमकीचे मेसेज आले होते, देवनागरीत टाइप केलेले. मालक म्हणाले, १२ हजारांत आमचे तज्ज्ञ रिपोर्ट देतील की हे मेसेज त्याच सूतवाल्याचे आहेत. कशावरून? नमुना रिपोर्ट दाखवला, दुसऱ्या कुठल्या तरी प्रकरणातला, नावं खोडून. मुद्दा पहिला: दोन्हीकडे ‘येऊलालोय’ (‘येतोय’) हा शब्द सापडतो. मुद्दा दुसरा: दोन्हीकडे ‘बे’. मुद्दा तिसरा: पूर्णविरामाऐवजी दोन टिंबं. निष्कर्ष: ‘९९ टक्के एकच व्यक्ती.’

मला हसू आवरेना. ‘येऊलालोय’ आणि ‘बे’ यांवरून फार तर एवढं सिद्ध होईल की लिहिणारा सोलापूरचा आहे. इथल्या सात रस्ता चौकात उभं राहून हाक मारा, “कुठं जाऊलालाय बे?” वळतील त्या सगळ्यांना आरोपी करणार का? दोन लिखाणांत साम्य आहे हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं म्हणजे, हे साम्य इतर किती जणांशी निघालं असतं? शास्त्र त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. त्यासाठी सोलापूरकरांचे शेकडो मेसेज गोळा करून मोजायला लागतील की कोण ‘येऊलालोय’ लिहितो, कोण ‘येलालोय’, कोण ‘येतोय’, दोन टिंबं किती जण देतात. मी विचारलं, ९९ हा आकडा कुठून आला? मालक म्हणाले, “अनुभवावरून.” म्हणजे आजपर्यंत शंभर रिपोर्ट दिले, त्यातले नव्व्याण्णव बरोबर निघाले, असं? हे कुणी तपासलं? यावर चहा आला.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं डॉबर्ट नावाच्या प्रकरणात न्यायाधीशांना तज्ज्ञाबद्दल काय तपासायचं ते सांगितलं. प्रकरण गरोदरपणातल्या मळमळीच्या औषधाचं होतं, भाषेचं नव्हे. पण प्रश्न कुठल्याही तज्ज्ञाला लागू पडतात: तुमची पद्धत चाचणी घेता येईल अशी आहे का, इतर जाणकारांनी ती छापून आल्यावर तपासली आहे का, ती किती वेळा चुकते, काही ठरलेले नियम आहेत का, त्या क्षेत्रात ती मानली जाते का. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही. पण आपल्या सुप्रीम कोर्टानंही १९९९ मध्ये, जयलाल नावाच्या हिमाचलातल्या सफरचंदांच्या प्रकरणात, तज्ज्ञाचं काम काय ते सांगितलंय: नुसता निष्कर्ष न देता, तो तपासून बघता येईल अशा शास्त्रीय कसोट्या न्यायाधीशांपुढं ठेवायच्या, म्हणजे त्यांना स्वतःचं मत बनवता येईल. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं तज्ज्ञाच्या मताविषयीचं कलम ४५ आता नव्या साक्ष अधिनियमात कलम ३९ झालंय. त्यात शास्त्र आणि कला यांच्या जोडीला ‘इतर कोणतेही क्षेत्र’ असेही शब्द आलेत. दार रुंद झालंय. पाट्या आणखी वाढणार.

या दुकानातली एकच सेवा मी मनापासून वाखाणीन, ती म्हणजे सर्टिफिकेट. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब ची जागा कलम ६३ नं घेतली, आणि नमुना दोन भागांचा झाला: भाग अ ज्याच्या ताब्यात फोन आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. अनेक ठिकाणी अजून जुनाच कागद भरून देतात म्हणे. इथल्या मुलीनं नवा नमुना काढला, अण्णांना एकेक रकाना वाचून दाखवला, फोनचा आयएमईआय नंबर स्वतः पडताळला, आमच्यासमोर फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढला आणि ती आकडे-अक्षरांची लांबलचक माळ अण्णांच्या डायरीतही लिहून दिली. “फाइलमध्ये एक कण बदलला तरी हा आकडा बदलतो,” असं तिनं समजावलं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, हेही सांगितलं. सर्टिफिकेटाची सक्ती सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ज्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात पक्की केली ते आपल्याच जालन्याचं, निवडणुकीचं, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणाली. तिच्यासाठी दीड तारा. पण हॅश सांगतो की फाइल तीच आहे. फाइलमधला माणूस ‘इस्त’ म्हणाला की ‘इच्चिन’, हे हॅशला विचारून उपयोग नाही, आणि दुकानात नेमकं हेच एकात एक मिसळून विकतात. एकाचा भक्कमपणा दुसऱ्याला उसना!

शेवटी आम्ही ते देखणं बाइंडिंग दाखल केलंच नाही. वकीलसाहेब आधी कुरकुरले, मग मी पाच जणांचा उद्योग सांगितल्यावर गप्प झाले. तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या दोन सरांना, एकमेकांना न सांगता, प्रकरण न सांगता, तीच फाइल दिली. दोघांनी स्वतंत्र लिहून काढलं. ११ मिनिटं ४० सेकंदांना एकेकाच्या चार-चार संध्याकाळी गेल्या. जिथं दोघांचं जुळलं ते लिहिलं, जिथं जुळलं नाही तिथं दोन्ही वाचनं शेजारी ठेवली, आणि १४ ठिकाणी ‘ऐकू येत नाही’. डावीकडे तेलुगू उच्चार देवनागरीत, उजवीकडे मराठी. सातव्या मिनिटाला एका सरांचं ‘इस्त’, दुसऱ्यांचं ‘बहुधा इस्त, खात्री नाही’. तसंच टाइप केलं. अण्णांना ते ‘बहुधा’ फार खुपलं. “ताई, एवढे पैसे घालून बहुधा?” मी म्हटलं, अण्णा, उलटतपासात समोरचा वकील रेकॉर्डिंग लावेल तेव्हा सर याच शब्दाच्या जोरावर उभे राहतील. त्यांना पटलं नाही. अजूनही नाही.

सरांनी पैसे घेतले नाहीत, शेंगा चटणीचं पाकीट घेतलं.

दुकानाचा हिशेब असा: ट्रान्सक्रिप्ट १,८००, भाषांतर २,२५०, सर्टिफिकेट १,५००, एकूण ५,५५० रुपये. पहिल्या दोनांचे पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. बिल तरी नीट द्या म्हटलं, ते दिलं. पाटीवर तज्ज्ञ, पानोपानी शिक्के, आणि बिलावर ४,०५० रुपयांपुढं काय लिहिलंय? ‘टायपिंग चार्जेस.’

जायचंच असेल तर सर्टिफिकेटापुरतं जा, आणि सकाळी अकराच्या आत. ती मुलगी दुपारी कॉलेजला असते.